हैदराबादच्या लढ्यातल्या बंदुका पैनगंगेपल्याड गेल्या कशा?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव उमरखेड तालुक्यात, नदीच्या अल्याड. पल्याड हदगाव, म्हणजे तवाचं निजामाचं राज्य. आबाजी सांगत का ४७-४८ सालात उमरखेडले निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता, तिथले पोट्टे रातच्याले नदी उतरून जात अन् उजाडाच्या आत वापस येत. मले विचाराचं हे हाय का या लोकाइले हत्यारं भेटली कुठून? इकडं इंग्रजाच्या काळापासूनच बिनापरवान्याची बंदूक म्हणजे गुन्हा, तिकडं तर रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद फौज. पुस्तकात "सशस्त्र लढा" एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतात. कोणाले माहीत असंल तं जरा सविस्तर सांगा.

पुसदचे गुरुजी
बाळा, आधी ती सरहद्द समजून घे. आपलं वऱ्हाडसुद्धा कागदावर निजामाचंच होतं, १८५३ ला इंग्रजांनी कारभार घेतला अन् १९०२ ला कायमचा पट्टा केला, निजामाच्या मोठ्या पोराले "प्रिन्स ऑफ बेरार" म्हणत ते त्याच्यापायीच. म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही काठाले सोयरिकी, बाजार, देव सगळं एकच, अन् १५ ऑगस्ट १९४७ नंतर तीच नदी दोन राज्यांची हद्द झाली. उतार कुठं हाय, कोणत्या वाडीत भाकर भेटंल हे पोट्ट्यांना पाठ होतं, अन् निजामाचा पोलीस अल्याड पाय टाकू शकत नव्हता. उमरखेडच नाही, पूर्ण हद्दीवर असे कॅम्प होते.

आता हत्यारं. एका जागेवरून आली असं समजू नको. सुरुवातीले भरमार (तोंडातून दारू ठासाच्या) बंदुका, कुठं परवान्याची बारा बोअर, कुऱ्हाडी, भाले, अन् कॅम्पातच बनवलेले हातबॉम्ब. मग पल्याडचे करोडगिरी (जकात) नाके अन् पोलीस चौक्यांवर हल्ले सुरू झाले, नाका जाळायचा अन् तिथल्या रायफली-काडतुसं उचलायची, म्हणजे एका हल्ल्यातून दुसऱ्या हल्ल्याची सोय. काडतुसं मात्र नेहमीच कमी, भरमारीले तर एक बार काढला का पुन्हा दारू-छर्रा ठासत बसा लागे, तोवर समोरचा रायफलीनं पाच गोळ्या सोडे. त्या पोट्ट्यांची छाती किती मोठी असंल याचा विचार कर.

नांदेडवाला जावई
गुरुजींनी पैशाचं सांगितलं नाही, ते मी सांगतो, माझं सासर उमरखेडचं पण घर नांदेडकडचं. ३० जानेवारी १९४८, ज्या दिवशी गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, आमच्या उमरीची बँक लढ्यातल्या लोकांनी लुटली, सुमारे वीस लाख रुपये, तेव्हाचे वीस लाख! हा पैसा लढ्यासाठी वापरला गेला आणि त्याचा हिशेब ठेवला होता, उरलेल्या रकमेचाही, हे मला फार मोठं वाटतं, कारण बंदूक हातात असलेल्या माणसाला हिशेब मागणारं कोणी नव्हतं. आणखी एक अडचण आजच्या पोरांना माहीतच नसते, निजामाचं चलन वेगळं होतं, हाली सिक्का. भारताच्या शंभर कलदार रुपयांना हालीचे साधारण एकशे सोळा-सतरा पडायचे, आणि अल्याड माल घ्यायचा तर कलदारच लागणार.

राजुऱ्याचा
आमच्याकडं हीच गोष्ट वर्धा नदीवर. राजुरा तेव्हा निजामाच्या अदिलाबाद जिल्ह्यात होतं, चांदा (आताचं चंद्रपूर) जिल्ह्यात १९५९ ला आलं, अन् नदी ओलांडली की बल्लारशा, म्हणजे भारत.
पण एक गोष्ट सांगतो, लोक सरळ लिहून टाकतात की भारत सरकारनं बंदुका वाटल्या, ते तसं सोपं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामासोबत जैसे थे करार, म्हणजे आहेत ते संबंध तसेच ठेवायचा करार, झाला होता, उघड मदत करता येत नव्हती, कॅम्पांकडं कानाडोळा मात्र झाला, अन् हद्दीवरच्या हल्ल्यांची तक्रार निजाम सरकार दिल्लीकडं सारखी करत होतं. आता दुसरी बाजू बघा. खुद्द निजामालेच हत्यारांची टंचाई होती, कारण त्याचं राज्य चारही बाजूंनी भारतानं वेढलेलं, मग सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं १९४८ मध्ये कराचीहून लँकॅस्ट्रियन विमानं रात्री उडवून बिदर अन् वरंगलले शस्त्रं उतरवली. नंतर लंडनच्या कोर्टानं त्याले दंड केला, दोनशे पौंड फक्त. एकाच वर्षी एकाच राज्यात एकीकडून विमानानं पेट्या उतरत होत्या अन् दुसरीकडून आपले लोक छातीभर पाण्यातून भरमारी डोक्यावर धरून नेत होते, हे वाचलं की जीव भरून येतो.

पैनगंगाकाठ
लय लय धन्यवाद सगळ्यांना. आबाजीचं नाव कुठं कागदावर भेटंल का? ते कॅम्पात होते एवढं घरचे सांगतात.

पुसदचे गुरुजी
पेन्शन होती का त्यांना? केंद्रानं सरहद्दीवरच्या कॅम्पांची यादी मान्य केली होती अन् तिथं राहून काम केलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन दिली. अर्जाला सोबत्यांचे किंवा कॅम्पप्रमुखाचे दाखले जोडत. यवतमाळ कलेक्टर ऑफिसच्या स्वातंत्र्यसैनिक शाखेत अर्ज टाक, आबाजीचं पूर्ण नाव, गाव अन् कॅम्पचं नाव लिही, माहिती अधिकारात फाइलची नक्कल माग. अन् पल्याडच्या सोयऱ्यांनाही विचार, एखाद्या घरात जुनं पत्र निघतं.