तिसरी-चौथीची पोरं फळ्यावरचं सुंदर उतरवतात पण मनाने दोन ओळी लिहीत नाहीत, काय करावं?

साक्रीची_बाई

नमस्कार मंडळी. मी जि.प. शाळेत आहे, साक्री तालुका, द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र बसते. मूळची सोलापूरकडची. प्रश्न लेखनाचा आहे. वाचनावर सगळेच बोलतात, निपुण भारत (केंद्राचं वाचन-गणिताचं अभियान) २०२१ ला आलं तेव्हापासून तर मिनिटाला किती शब्द ते मोजा, तिसरीच्या शेवटी ६० झाले पाहिजेत वगैरे, 'असर' सर्वेक्षणवाले येतात ते पण गोष्ट वाचून घेतात, वजाबाकी-भागाकार बघतात आणि जातात. पोरगं स्वतःचं काही लिहू शकतं का हे विचारायला कोणी येत नाही.

माझ्या वर्गात अक्षर चांगलं आहे, फळ्यावरचं अगदी मोत्यासारखं उतरवतात. पण 'काल घरी गेल्यावर काय केलं ते लिहा' म्हणलं की पेन्सिल तोंडात आणि नजर शेजारच्याच्या वहीत. 'माझी आई' दिलं तर सगळ्यांच्या आया पहाटे लवकर उठतात आणि सगळ्यांवर खूप माया करतात, सगळ्या एकाच गाईडमधून आलेल्या. त्यात एक पोरगा असा की त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात, हा आजीजवळ राहतो, आणि त्याने लिहिलंय 'माझी आई मला रोज गरम डबा करून देते'. मी वाचून गप्पच बसले, काय बोलणार.

दुसरं म्हणजे पाच-सहा जणांना अजून मात्रा-वेलांटीच नीट येत नाही, त्यांना लिहायला काय द्यायचं. तिसरं, पोरं घरी अहिराणी, म्हणजे इकडची खानदेशी बोली, बोलतात. लिहिलं तर तसंच लिहितात, मग लाल पेन चालवायचा की नाही. आणि हे सगळं दोन इयत्ता, ऑनलाइन माहित्या, खिचडीचा हिशोब सांभाळून. उपाय जमण्यासारखे सांगा, पीपीटीतले नकोत.

पालघरचा_मास्तर

बाई, गडबड कुठे होते सांगू का, आपण लिहायला सांगतो तेव्हा बोलणं झालेलंच नसतं. आमच्याकडे वारली पोरं आहेत, त्यांना 'पावसाळा' दिला तर ती काय लिहिणार, पुस्तकातला पावसाळा म्हणजे छत्री, रेनकोट आणि कागदाच्या होड्या. विषय बारीक घ्यायचा. 'काल रात्री छप्पर गळत होतं तेव्हा घरात कोण काय करत होतं' असं विचारलं की सगळी एकदम बोलायला लागतात, गप्प करावं लागतं.

मग त्यातल्या एकाचं मी फळ्यावर लिहितो, तो सांगेल तसं, आणि मुद्दाम मोठ्याने बोलत लिहितो, 'टोपलं ठेवलं, पण कुठे ठेवलं ते कळत नाही की रे, काय घालू', 'आजी उठली हे आधी घेऊ का', खोडतो, बाण काढून शब्द वर घुसवतो. पोरांना हे कधी दिसतच नाही, त्यांना वाटतं गुरुजींच्या डोक्यातून वाक्य पक्कं होऊनच बाहेर येतं, मग आपलं तसं येत नाही म्हणजे आपल्याला लिहिता येत नाही. दहा मिनिटं पुरतात याला. आणि नंतर फळा पुसायचा!! नाहीतर वर्गभर त्याच आजीचं टोपलं. मग प्रत्येकाने स्वतःचं, आधी चित्र आणि चित्राखाली जमेल तेवढं, एक ओळ का होईना.

तो ऊसतोडवाला पोरगा खोटं बोलला असं धरू नका, 'माझी आई' असा विषय दिला की मार्क मिळवणारी आई कशी असते हे त्याला माहीत आहे. त्याला असं विचारून बघा, आईचा फोन येतो तेव्हा तुम्ही काय बोलता. पण सगळ्यांसमोर वाचून घेऊ नका, त्याला हवं असेल तर वाचेल.

मात्रा न येणाऱ्यांचं. सगळी मुळाक्षरं संपवून मग काना मग वेलांटी अशी रांग लावली की पोरगं वर्षभर कमळ-बदक करत बसतं आणि मनातला शब्द काही लिहिता येत नाही. त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि त्यांच्यासोबतच एखाददुसरी खूण. क म न ल घेतले आणि काना दिला की लगेच काका, मामा, नाक, कान, मका, लाल, नाला, कमान इतके शब्द होतात, 'मामाला मका' असलं काहीतरी ते स्वतः जुळवून लिहायला लागतं आणि हसतं. मग वेलांटी, मग पुढची चार अक्षरं. हा क्रम आमचा शोध नाही, वाड्याजवळ सोनाळ्याला क्वेस्ट संस्था आहे, फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आहे, मराठीतून लहान पोरांच्या वाचन-लेखनावर या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. मिळेल ते त्यांचं वाचा.

सेवानिवृत्त_गुरुजी

वरचं सगळं ठीक आहे पण स्पष्ट बोलतो. आजकाल 'मुलांना व्यक्त होऊ द्या' म्हणतात आणि शुद्धलेखन बंद करून टाकतात. हाताला सवय नसलेलं पोर व्यक्त कसं होणार? चार ओळीत हात दुखतो त्याचा! आम्ही रोज पाच ओळी श्रुतलेखन घ्यायचो, परिपाठ झाला की लगेच. ज्याला 'प्रकाश' लिहिताना प्र आठवावा लागतो त्याचं अर्ध डोकं त्या प्र मध्येच जातं, सांगायचं काय होतं ते राहूनच जातं. अक्षर हातातून आपोआप आलं पाहिजे, मग विचार सुचतो.

फक्त श्रुतलेखन म्हणजे शिक्षा करू नये. मी वाक्य दोनदा सांगायचो, मग फळ्यावर लिहायचो आणि पोरांनीच आपली वही आपण तपासायची, चुकलेला शब्द खाली परत एकदा. दहा वेळा नाही. दहा वेळा चुकीचंच लिहिलेलं पाहिलंय मी.

आणि अक्षराच्या वळणावरून नव्या शिक्षकांनी उगाच छळू नये. २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श आणला, पोराच्या घरी वडिलांना दंडाचा ल शिकवलेला, पोर घरात एक बघतं आणि वर्गात दुसरं. वाचता आलं की पुरे, एवढ्यावरून मार्क कापणारे महाभाग मी बघितलेत.

कच्ची_वही

गुरुजींचं हाताच्या सवयीचं शंभर टक्के पटलं, पण श्रुतलेखन रोज पाच ओळी असेल तर मनाचं लेखन पण रोज पाच ओळी हवं ना, आमच्याकडे पहिलं रोज होतं आणि दुसरं चाचणीच्या आदल्या दिवशी.

मी पण दोन इयत्तावाली, त्यामुळे जमण्यासारखंच सांगते. दोन वह्या करा. निबंध वही आहे तशी चालू द्या, ती सायबासाठी. दुसरी शंभर पानी कच्ची वही, तिच्यात लाल पेन अजिबात नाही. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं, काहीही लिहा, चित्र काढा, कोणाशी भांडण झालं ते लिहा. पहिले काही दिवस 'मी जेवलो. खिचडी होती.' एवढंच येईल, रोज खिचडीच येईल, वैतागू नका. मी त्याच्याखाली फक्त एक प्रश्न लिहिते, 'खिचडी तिखट होती का? तू कोणाशेजारी बसलास?' आणि दुसऱ्या दिवशी पोरगं त्याचं उत्तर लिहितं कारण बाईंनी खरंच विचारलंय. रोज सगळ्यांच्या वह्या बघायच्या नाहीत, मरून जाल, एका दिवशी एक रांग.

केंद्रप्रमुख विचारतात वही तपासली का, लाल रेघ कुठाय. त्याला माझं उत्तर तयार असतं. आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या) वर्णनात्मक नोंदी आपण सगळे तयार यादीतून बघून टाकतो, 'स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहितो', खरं सांगा टाकतो ना? तर मी त्या नोंदीसमोर कच्च्या वहीचं पान नंबर घालते. जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी ठेवलं की साहेब पण गप्प.

आणि लिहिलेलं कोणीतरी वाचलं पाहिजे हो, बाई सोडून. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना आहे, पोस्टात मिळालं तर. दुसऱ्या तालुक्यातल्या ओळखीच्या शिक्षकांच्या वर्गाला आमची पोरं पत्र लिहितात, ते उत्तर देतात. एकाने लिहिलं 'आमच्याकडे नदी आहे' आणि तिकडून प्रश्न आला की केवढी, पोहता येतं का, मगर आहे का. आता पठ्ठ्याला नदीवर अख्खं कार्ड भरून लिहावं लागलं, आणि पिनकोड, पत्ता, पूर्णविराम सगळं न सांगता तपासून टाकलं, कारण पत्र हरवलं तर काय ही भीती. पूर्णविरामाचा धडा मी तीनदा घेतला असता तरी हे झालं नसतं.

वाचायला किशोर मासिक द्या. बालभारतीचं, १९७१ पासून चालू आहे, जुने अंक वेबसाइटवर फुकट आहेत. स्टोरीव्हीवर वेबसाइटवर पण मराठी गोष्टी आहेत, लेव्हल लावलेल्या. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं दोरीला लटकवून फोटो काढायचा आणि परत कपाटात कुलूप, हे एवढं बंद केलं तरी खूप.

साक्रीची_बाई

कच्ची वही सोमवारपासून चालू करते. किराणावाल्याकडे एकरेघीच आहेत, त्याच घेते.

पण अहिराणीचं कोणी बोललं नाही. हे बघा, एका मुलीने स्वतःहून लिहिलंय, इतके दिवस जपून ठेवलंय मी: 'मन्हा बाप वावरमा गया व्हता. काया बैल पयना. बाप भी पयना.' मला तर हे इतकं आवडलं, पण निबंध वहीत असतं तर आम्ही तिला शून्य दिला असता. यात दुरुस्त काय करू?

पालघरचा_मास्तर

काही नाही! म्हणजे त्या पानावर काही नाही. तीन वाक्यात अख्खा प्रसंग उभा केलाय तिने, आणि शेवटचं वाक्य तर बघा कसं टाकलंय.

आता शिकवायचं म्हणून बघा. 'काया', 'पयना' ही शुद्धलेखनाची चूक नाही, अहिराणीत ळ चा य होतो, तिने जे ऐकलं ते अचूक लिहिलं, म्हणजे ध्वनी आणि अक्षराची जोडी तिला पक्की जमलीय. ज्याला ती जमली नाही त्याचं काम वेगळं आणि हिचं वेगळं, पण लाल पेनाने दोघांच्या वहीत सारखाच गोल होतो. फळ्यावर तिची तीन वाक्यं घ्या, बाजूला विचारा की हेच पुस्तकात कसं लिहिलेलं असेल, वर्गच सांगेल 'माझे वडील शेतात गेले होते. काळा बैल पळाला.' मग शाया-शाळा, डोया-डोळा अशा जोड्या पोरंच काढतील, तुम्ही सोलापूरच्या असल्याने तुमचं चुकलेलं अहिराणी दुरुस्त करायला त्यांना लई मजा येईल. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पण शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंच आहे, कोणी विचारलं तर सांगा.

सेवानिवृत्त_गुरुजी

चौथीपर्यंत चालेल. पाचवीला गेल्यावर पेपरात 'पयना' चालणार नाही, ते पोराला वेळेत कळलं पाहिजे. दोन्ही शिकवा, माझं म्हणणं एवढंच की दुसरं उद्यावर ढकलू नका. बाकी पोरगी हुशार आहे.

आई_ठाणे

मी शिक्षिका नाही, पालक आहे, पण विचारते. आमच्या मुलाच्या शाळेत निबंध बाईच लिहून देतात आणि पोरं पाठ करतात, परीक्षेत तोच येतो. घरी काय करता येईल? २०२३ ला पुस्तकांत 'माझी नोंद'ची कोरी पानं घातली होती ना, ती आमच्याकडे कोरीच राहिली आणि पुढे बंद पण झाली.

कच्ची_वही

ताई, घरी निबंध घेऊच नका. किराण्याची यादी त्याला लिहायला द्या आणि त्याच्या यादीप्रमाणेच सामान आणा. 'तेल' लिहिलं आणि किती ते लिहिलं नाही तर दुकानातून त्याला फोन करा, विचारा किती आणू. आजीला फोन करायच्या आधी काय काय सांगायचं ते चार शब्दांत टिपून घ्यायला सांगा. शाळेतला पाठ केलेला निबंध तो परीक्षेत लिहू दे, त्यावरून शाळेशी भांडलात तर त्रास पोरालाच होईल.

आणि साक्रीच्या बाई, वह्या एकरेघी चालतील, फक्त ज्यांना मात्रा येत नाहीत त्यांना दुरेघीच द्या, वेलांटी-उकार कुठे जातो ते त्यांना रेघेवरून दिसतं.