किनाबालूवरच्या मिलिमीटरभर गोगलगायी
बोर्निओ बेटावरच्या किनाबालू पर्वताच्या परिसरात जेमतेम मिलिमीटरभर गोगलगायी असतात. प्रश्न पडतो की एवढ्या बारीक गोगलगायी जंगलात शोधायच्या तरी कशा. एकेक शोधत बसत नाहीत! पालापाचोळा आणि वरची माती चाळून पाण्याच्या बादलीत टाकतात, ढवळतात. रिकामे शंख आत हवा असल्याने तरंगतात. ते गाळून सुकवायचे आणि मायक्रोस्कोपखाली निवडायचे. बोर्निओत मलेशियाच्या साबा राज्यातल्या चुनखडीच्या टेकड्यांवर हे छान जमतं, कारण तिथे शंख बराच काळ टिकतात. २०१५ मध्ये वर्णन झालेली 'अक्मेला नाना' ही गोगलगायीची जात बोर्निओचीच, शंखाची उंची जेमतेम ०.७ मिमी.

किनाबालूचा (४,०९५ मीटर) गाभा मात्र ग्रॅनाइटचा. कॅल्शियम तुटपुंजं, माती आम्लधर्मी. शंख घडवणं अवघड, आणि मेल्यावर तो विरघळतोही लवकर. म्हणून 'पर्वतावर उंच गेलं की गोगलगायींच्या जाती घटतात' हे म्हणणं बरोबर असलं, तरी सगळं खापर थंडीवर फोडू नये. खडकही बघा.

आणि शिकारीचं राहिलंच. चुनखडीवरच्या 'प्लेक्टोस्टोमा' नावाच्या बारीक गोगलगायींच्या शंखांवर चित्रविचित्र कंगोरे असतात. 'अ‍ॅटोपॉस' नावाची बिनशंखाची गोगलगाय त्यांना खाते: कधी शंखाच्या तोंडातून, कधी सरळ भोक पाडून.