दंडाज्ञा नाही, मग मनावर ओझं कशाला?

सदरकर: चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेताना, काही माणसं बाकावरून उठतच नाहीत. आपल्या नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे मी लहानपणापासून पाहतो. विचारलं की म्हणतात, "मी लायक नाही." कोणाचं जुनं व्यसन असतं. एक बाई आईच्या शेवटच्या दिवसांत गावी गेली नव्हती. थोड्याच वेळापूर्वी सगळ्यांनी पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, केलेला असतो, पाळकांनी क्षमा जाहीर केलेली असते. ती ऐकली कोणी? ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा, म्हणजे शिक्षेचा निवाडा, नाही, अशीच बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायाची सुरुवात आहे. आणि हे लिहिणारा प्रेषित पौल म्हणजे एकेकाळी ख्रिस्ती हुतात्मा स्तेफनाच्या हत्येला संमती देणारा माणूस! 1970 साली सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या इथेच नागपुरात एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाल्या. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी यावर त्यांचे मतभेद होते; क्षमा कृपेने मिळते यावर नव्हते. माफ झालेलं पाप रोज उकरणं मला नम्रता वाटत नाही, तो अविश्वास आहे.

इंदोरा (तिथले एक वाचक): जय भीम. मी बौद्ध आहे, तरी विचारतो. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? माझ्या वडिलांना भागीदारानं बुडवलं. मग तो प्रार्थनेला जाऊ लागला आणि म्हणे, देवानं मला माफ केलं. पैसे नाही, घरी येऊन दोन शब्द नाही. माणसं मारणारा दरोडेखोर अंगुलिमाल भिक्खू होऊन अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला, तरी भिक्षेला गेला की लोकांचे दगड खात होता. बुद्धांनी त्याला ते सहन करायला सांगितलं. कर्म कोणी पुसून देत नाही.

मोहननगर (तिथले एक वाचक): मी ख्रिस्तीच, पण भाऊ बरोबर बोलून राहिले. उरियाची बायको घेऊन त्याला मारवणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्यानं देवाची क्षमा सांगितली, आणि लगेच मूल मरेल हेही सांगितलं. आपल्या प्रवचनांत पहिलंच वाक्य ऐकू येतं. टोचणी गेली की माणूस सैल पडतो.

सदरकर: भाऊ, तुमच्या वडिलांवर अन्यायच झाला. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे येशूचंच सांगणं आहे. पण लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे बघा. फसवून घेतलेलं कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र मागत होतं. त्यानं चौपट देऊ केलं. कधी? येशू त्याच्या घरी उतरल्यावर. आधी स्वीकार झाला, मग हात सैल झाला. शिक्षेच्या भीतीत असलेला माणूस हिशेब लपवतो.

मोहननगर: आणि ती आईकडे न गेलेली बाई? ती कोणाला काय परत करणार?

सदरकर: तिच्यासाठीच तर लिहिलं. तिथे फेड शक्यच नाही, म्हणून फुकट मिळालेल्या क्षमेशिवाय तिला रस्ता नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या अपराध्याकडेही भरपाईला वेळ उरला नव्हता. "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील," असं येशूनं त्याला सांगितलं.

इंदोरा: त्या ताईंबद्दल तुमचं पटतं. भागीदाराबद्दल नाही. माझे वडील अजून हयात आहेत, आणि त्याला आमचं घर माहीत आहे.