'खरं सांग' म्हटल्यावर नेमकं किती खरं सांगायचं? मदत हवी आहे
मैत्रिणीने तिच्या कविता वाचायला दिल्यात. चाळीसेक आहेत. दोन खरंच सुरेख. बाकीच्यांत 'मन', 'क्षण' आणि 'वाट' आलटूनपालटून. "अगदी खरं सांग हं," असं तिनेच बजावलंय. "छान आहेत" म्हणून पाहिलं, तर लगेच, "म्हणजे नाही आवडल्या ना?" मग त्या दोन चांगल्यांवरच बोलत राहिले. ती म्हणाली, "आणि बाकीच्या?"

पदरचे पैसे घालून पुस्तक काढायचं ठरवलंय तिने, म्हणून गप्पही बसवत नाही. 'दुसऱ्या कुणाला दाखव' हे सुचवू नका, सांगून झालंय. (मला कवितेतलं फार कळतं असंही नाही.)

तुमच्यापैकी कुणी असं तोंडावर सांगितलंय का? पहिलं वाक्य काय होतं, आणि नंतर बोलणं चालू राहिलं का?