'बालेकिल्ला'च्या रील्सवर टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी

गंगापूररोडची वकील: काल इथे एकाने लिहिलं, "गुंडांना हात जोडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणताना बघून जीव थंड झाला. कोर्टबिर्ट कशाला, हेच औषध." पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून हे वदवून घेतलेली, २०२५ च्या ऑक्टोबरातली ती रील्स अजून फिरतायत.

म्हणून लिहिते. शिक्षा किती कडक यापेक्षा आपण पकडले जाऊच, हा धाक जास्त काम करतो. गुन्हेगारीचे अभ्यासक हे कधीपासून सांगतायत. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की बहुतेक पोरांचं वाकडं पाऊल वयाबरोबर सरळ होतं, आयुष्यभर गुन्ह्यात राहणारे थोडेच. ज्याचा चेहरा गावभर फिरला, त्याला नोकरी कोण देणार? मग तो जाणार परत त्याच टोळीत. आणि उद्या निर्दोष सुटला तर फोनाफोनांतली रील्स कोण पुसणार?

सिडकोकर: ताई, तुम्ही गंगापूर रोडला बसून बोलताय. आमच्या गल्लीत रात्री पोरं कोयते घेऊन आली. माझ्या गाडीची मागची काच फोडली, शेजाऱ्यांच्या दुचाकींच्या सीटा फाडल्या. सगळ्यांनी खिडकीतून बघितलं, साक्षीला एक जण तयार नाही. रील्स आली आणि कोपऱ्यावरचा अड्डा उठला. मॉफिट येणार का रात्री आमच्याकडे?

पंचवटीचा प्रशांत: अड्डा उठला, फ्लेक्स उठले का? वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. मध्ये गॉगल घातलेला भाई, वर नेत्यांचे गोल फोटो, खाली पासपोर्ट साइझच्या पोरांची रांग. सोळा वर्षांचं पोरगं त्या खालच्या रांगेतून मधे जायला धडपडतं. इज्जत तिथे वाटली जाते, तुरुंगाची भीती घालून काय होणार?

मंडळवाला: आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर खाली माझाही फोटो आहे. मी गुन्हेगार? गणपतीत रक्तदान शिबिर घेतो आम्ही. सरसकट बोलू नका.

पंचवटीचा प्रशांत: रक्तदानाबद्दल कोण बोललं? तुमच्या फ्लेक्सवर मधे कोण होतं, ते सांगा. तडीपारीची नोटीस निघालेला माणूस 'मार्गदर्शक' कसा?

मंडळवाला: नोटीस निघाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? हेच तर वकीलताई सांगतायत! तुम्हाला सोयीचं तेवढंच घेता.

सिडकोकर: फ्लेक्सवरच भांडत बसा दोघं.

उपनगरची मावशी: माझा भाचा नाशिकरोडला कच्चा कैदी होता. जामीन मंजूर झाला, जामीनदार मिळेना. तारखेला गार्ड नाही म्हणून कोर्टात नेतच नसत. बहीण डबा घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहायची. शेवटी निर्दोष सुटला, पण कामावर परत घेतलं नाही. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर चारातले तीन कच्चे कैदी होते. आणि २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोघं गेले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध! पैसेवाल्याच्या पोराला निबंध, आमच्या पोराला रील?

गंगापूररोडची वकील: मावशी, ओरड झाल्यावर बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये हायकोर्टाने ते बेकायदा ठरवून सोडलं. राग मलाही आला होता, तरी बाल न्यायाचा कायदा आपल्या पोरांनाही लागू आहे, तो मोडून आपलंच नुकसान. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बंधपत्रावर सोडायचं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असणारे वगळून. आतल्या किती जणांना हे माहीत असतं?

सिडकोकर: मावशी, भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. कच्च्या कैद्यांचं पटलं, जा. पण रील्स वाईट म्हणणार नाही. साक्षीदारच नसेल तर तुमचं कोर्ट करणार काय?

गंगापूररोडची वकील: साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केली. गंभीर गुन्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. मी स्वतः लिहून देईन, पैसे घेणार नाही.

सिडकोकर: गंभीर गुन्ह्यात. काच फोडली हे गंभीरात बसत नाही ना? मग कुणाच्या डोक्यात कोयता बसेपर्यंत आम्ही थांबायचं का?