विषय: स्मरणिकेतला 'आपण किती' हा आकडा, छापायच्या आधी वाचा

प्रेषक: स्मरणिका गट

सगळ्यांना नमस्कार,
आपल्या युरोपातल्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर 'आपण किती' असा एक चौकोन टाकायचं ठरलंय. मला नेटवर सापडलं की २०२३ मध्ये युरोपात जवळजवळ ८९,००० ब्लू कार्डं (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचे परवाने) दिली आणि त्यात सगळ्यात जास्त भारतीय, २१,००० च्या आसपास. म्हणजे एका वर्षात २१,००० नवे भारतीय आले, त्यात मराठी दहा टक्के धरले तर २,१०० आणि त्यात आपले खानदेशी शंभर-दीडशे तरी असतील. असं छापलं तर चालेल ना? रविवारी सगळं छपाईला द्यायचंय. यावलचे भाऊ सध्या गावी गेलेत पण परवान्यांचे आकडे हे त्यांचं रोजचंच काम, म्हणून मुद्दाम त्यांनाच विचारतेय.

---

प्रेषक: भाऊ, यावलहून

ताई, छापू नका, प्लीज. उत्तराला उशीर झाला कारण इकडे केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या लागवडीची, कापणी चालू आहे, दिवसभर मळ्यात असतो आणि रेंज फक्त विहिरीजवळ येते.

८९,००० बरोबर आहे, २१,००० पण बरोबर आहे, त्या ८९,००० मधली ६९,००० च्या आसपास एकट्या जर्मनीची आहेत हेही बरोबर. चूक आहे ती 'नवे आले' या दोन शब्दांत, आणि या दोन शब्दांवर मी ऑफिसात सहा वर्षं लोकांशी वाद घालतोय म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा करू नका.

कार्ड दिलं म्हणजे माणूस आला असं नसतं. जर्मनीत आखेनला मास्टर्स केलेला मुलगा धरा. तो आला तेव्हा शिक्षणाच्या परवान्यावर आला, त्या वर्षी त्याची नोंद 'पहिला परवाना, कारण शिक्षण' अशी झाली, मग तीन वर्षांनी नोकरी लागली आणि त्याला ब्लू कार्ड मिळालं. आता दिलेल्या ब्लू कार्डांच्या तक्त्यात तो आहे, पण पहिल्या परवान्यांच्या तक्त्यात कामाच्या रकान्यात तो नाही, कारण त्याचा पहिला परवाना केव्हाच मोजून झालाय, हा नुसता बदल. दोन्ही तक्ते युरोस्टॅटचेच, म्हणजे युरोपीय संघाच्या आकडेवारी खात्याचे, दोन्ही खरे, आणि दोन्हीत फरक पडतो. तुम्ही ब्लू कार्डांचा तक्ता उघडून पहिल्या परवान्यांचं वाक्य लिहिलंत.

काल आप्पा आणि मी बांधावर बसलो होतो तेव्हा त्यांना हेच समजावून सांगत होतो, तर ते म्हणाले अरे हे तर केळीच्या पिलबागेसारखं झालं. अगदी तसंच आहे. नवी लागवड केली, मृगबाग असो की कांदेबाग, ती नवी खोडं. घड कापल्यावर त्याच खोडाशेजारचं एक पील राखलं की पुढच्या वर्षी पुन्हा घड येतो, घड नवाच असतो पण लागवड नवी नसते. घड मोजून कोणी सांगितलं की यंदा इतकी नवी खोडं लावली तर रावेरच्या व्यापाऱ्यालासुद्धा पटणार नाही. नूतनीकरण, म्हणजे रिन्यूअल, ही सगळी पिलबाग आहे. युरोपच्या नियमात त्यासाठी एक रेघ आखून दिलीय: परवाना निदान तीन महिन्यांचा असला तरच मोजायचा, आणि जुना संपून नवा सुरू होण्यात सहा महिने किंवा जास्त खंड पडला तर तो पुन्हा 'पहिला' धरायचा. म्हणजे कोणी नोकरी सोडून वर्षभर भुसावळला आईवडलांजवळ राहिला आणि परत गेला तर तो दुसऱ्यांदा 'पहिला' होतो. ३१ डिसेंबरला किती परवाने चालू होते तो तक्ता आणखी वेगळा, ती उभी बाग.

हे सगळं २००७ च्या एका नियमाने बांधलंय, क्रमांक ८६२, त्याप्रमाणे २००८ सालापासून दरेक देश वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत आकडे पाठवतो. म्हणून डिसेंबरचा हिशेब आपल्याला कधीच जानेवारीत मिळत नाही.

दुसरं म्हणजे आपल्या मंडळात सगळे ब्लू कार्डवाले नाहीयेत. नेदरलँड्सवाले आपले बहुतेक जण 'केनिसमिग्रांट', म्हणजे कुशल स्थलांतरित, म्हणून गेलेत, ती त्यांची स्वतःची योजना आहे, १ ऑक्टोबर २००४ पासूनची, म्हणजे ब्लू कार्डाचा कायदाच २००९ चा, त्याच्या आधीची. तिकडे कंपनीची नोंदणी असली की काम पटकन होतं म्हणून ब्लू कार्ड कोणी फारसं मागतच नाही. मग ब्लू कार्डाचा तक्ता बघून वाटतं की नेदरलँड्सला कुशल माणसं जातच नाहीत, आणि प्रत्यक्षात आइंडहोव्हनला गेल्या वर्षी भरताच्या जेवणाला जागा पुरली नव्हती. डेन्मार्क आणि आयर्लंड तर ब्लू कार्डात सामीलच नाहीत, त्यांचे रकाने रिकामे असतात, रिकामे म्हणजे शून्य माणसं असं नव्हे. आणि पुण्याच्या कंपनीने ऑनसाइट पाठवलेले जे आहेत ना, पगार भारतातल्या कंपनीचाच, त्यांचं आयसीटी, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचं, कार्ड असतं, त्याचा कायदा २०१४ चा, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि त्याचा हिशेब वेगळ्या तक्त्यात.

आता जर्मनीबद्दल, कारण निम्मं मंडळ तिथेच आहे. तिथे पाचशेहून जास्त परदेशी नागरिक कार्यालयं आहेत, प्रत्येक गावाचं-जिल्ह्याचं आपापलं, आणि ती सगळी एका मध्यवर्ती रजिस्टरला नोंदी पाठवतात, हे रजिस्टर १९५३ पासून आहे. नोंद होते कायद्याच्या कलमानुसार. ब्लू कार्ड १ ऑगस्ट २०१२ ला सुरू झालं तेव्हा ते कलम १९अ मध्ये होतं, १ मार्च २०२० ला नवा कायदा आला आणि ते १८ब च्या दुसऱ्या पोटकलमात गेलं, मग १८ नोव्हेंबर २०२३ पासून १८ग. कार्ड तेच, रंग तोच, पण तक्त्यात तीन ओळी. एखाद्याने फक्त एक ओळ उचलली तर २०२० मध्ये ब्लू कार्डं अचानक बंद पडल्यासारखी दिसतात. माझं निम्मं काम हेच की जुनी कलमं शोधून नव्याशी जोडायची आणि खाली टीप लिहायची की का जोडली, आणि ती टीप कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. ब्लू कार्डवाल्याला जर्मनीत बी-वन (मध्यम) पातळीची जर्मन भाषा येत असेल तर २१ महिन्यांत आणि ए-वन (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो. मिळाला की तो ब्लू कार्डाच्या मोजणीतून बाहेर. म्हणजे जो सगळ्यात चांगला रुजला, भाषा शिकला, घर घेतलं, तो कुशल कामगारांच्या आकड्यातून गायब. पुढे नागरिकत्व घेतलं तर परदेशी म्हणूनही मोजला जात नाही. त्यामुळे चालू ब्लू कार्डांचा आकडा कमी झाला की लगेच पेपरात 'भारतीय परत चालले' असं येतं ते वाचून मला खरंच वाईट वाटतं, बरेचदा ती माणसं तिथेच असतात, फक्त रकाना बदललेला असतो.

आणि ते मराठी दहा टक्के कुठून आणलेत? तक्त्यात नागरिकत्व असतं, भाषा नसते, जिल्हा नसतो. पासपोर्टवर जन्मस्थान फैजपूर किंवा चोपडा लिहिलेलं असतं पण छापील तक्त्यात येईपर्यंत उरतं फक्त 'भारत'. जर्मनीच्या तक्त्यात तर माणूस ओळखता येऊ नये म्हणून आकडे ५ च्या पटीत करून देतात, ते योग्यच आहे. शंभर-दीडशे खानदेशी हा आकडा त्यातून निघूच शकत नाही ताई.

---

प्रेषक: वहिनी, श्टुटगार्ट

भाऊ, तुमचं पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं. मला एक विचारायचंय आणि ते मनातलं आहे.

मी अमळनेरची. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, नंतर पुण्यात सात वर्षं एम्बेडेडमध्ये काम केलं. २०१८ मध्ये ह्यांना ब्लू कार्ड मिळालं आणि मी मागोमाग आले, माझ्या कार्डावर कुटुंब म्हणून परवाना आहे. कामाची मुभा पहिल्या दिवसापासून होती, २०१९ पासून मी गाड्यांच्या ब्रेकच्या कंट्रोल युनिटवर काम करते, टीम लीड आहे. माझं स्वतःचं ब्लू कार्ड करायला गेले तर कार्यालयातल्या बाईंनी विचारलं की तुम्हाला काम करता येतंय ना, मग कशाला? मला पण वाटलं खरंच कशाला, परत कागद, परत अपॉइंटमेंट.

आता तुमचं वाचून कळलं की मी कुशल कामगारांच्या एकाही तक्त्यात नाहीये. आमच्या भिशीत अकरा जणी आहोत, त्यात सात इंजिनीअर, एक डॉक्टर, एक फार्मसीवाली, आणि नऊ जणींच्या कार्डावर कुटुंब लिहिलंय. म्हणजे सरकारच्या हिशेबात आम्ही कोण?

---

प्रेषक: काका, धुळ्याहून

सर्वांना नमस्कार. मुलाकडे आलो होतो तेव्हापासून मी या यादीवर आहे, सहसा लिहीत नाही, पण हा विषय शाळेत भूगोल शिकवणाऱ्याचा आहे.

यावलच्या भाऊंनी कलमांचं जे सांगितलं ते आमच्याकडे पण घडलंय. १९०६ ला एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम झाले, पश्चिमचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार निघाला. मुलं १९९१ ची धुळे जिल्ह्याची लोकसंख्या आणि २००१ ची शेजारी शेजारी लिहायची आणि म्हणायची सर, माणसं कमी झाली. मी फळ्यावर नकाशा काढून दाखवायचो की माणसं आठेच शेत (इथेच आहेत), रेघ हलली. आठे आणि तठे (इथे आणि तिथे), रेघ बघितल्याशिवाय आकड्याला हात लावू नये.

माझा प्रश्न वेगळा. जाणाऱ्याची नोंद आपला देश करतो ना? मग धुळ्याहून किती गेले ते इकडेच मिळायला हवं.

---

प्रेषक: भाऊ, यावलहून

काका, नमस्कार, तुम्ही लिहिलंत खूप बरं वाटलं. नंदुरबारचं उदाहरण मी पुढच्या ट्रेनिंगला वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे पण त्यात परवानगी लागते ती मुख्यतः ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) पासपोर्टवाल्यांना, म्हणजे साधारण दहावी न झालेले आणि आखाती देशांसारख्या १८ ठरावीक देशांत कामाला जाणारे. त्यांचा हिशेब सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असतो. इंजिनीअर, संशोधक हे त्यात येतच नाहीत. म्हणजे शिरपूरचा गवंडी दुबईला गेला तर त्याची नोंद इकडे सापडेल आणि शिरपूरचा इंजिनीअर म्युनिकला गेला तर इकडे कामगार म्हणून काहीच नाही, त्याला शोधायचं तर तिकडच्याच रजिस्टरमध्ये.

आणि ते रजिस्टरही रेशनकार्डासारखं आहे काका. जे आबमेल्डुंग न करता निघून जातात, म्हणजे इथून नाव कमी करा असं न सांगता, त्यांचं नाव तिथे राहतं. जे नव्याने आलेत त्यांचं कार्ड छापून यायला वेळ लागतो. कोणी नोव्हेंबरात व्हिसावर उतरला आणि कार्ड फेब्रुवारीत हातात पडलं तर तो पुढच्या वर्षात मोजला जातो.

वहिनी, तुमचा मेल वाचून मी मळ्यातून उठून घरी आलो, नीट उत्तर द्यायला. परवाना ज्या कारणासाठी दिला ते कारण मोजतात, माणूस काय करतो ते मोजत नाहीत. कारणं मोटामोटी चार, कुटुंब, शिक्षण, काम आणि इतर. तुम्ही आलात ते कुटुंब म्हणून, आणि कार्ड बदललं नाही तोवर तुम्ही तिथेच. तुम्ही ब्लू कार्ड केलं असतं तरी पहिल्या परवान्यांच्या तक्त्यात फरक पडला नसता, फक्त दिलेल्या ब्लू कार्डांत एक वाढलं असतं. तुमची मुलगी तिथेच जन्मली तरी तिचा पहिला परवाना कुटुंबाच्याच रकान्यात. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी हे श्रमशक्तीच्या सर्व्हेत किंवा विम्याच्या नोंदीत असतं पण ते परवान्याशी आपोआप जोडलेलं नसतं, आणि जिथे जोडतात तिथे सुद्धा बातमीत परवान्याचाच आकडा येतो. माझ्या मते आजच्या मोजणीतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. कुटुंबाच्या रकान्याकडे बघून लोक म्हणतात हे अवलंबून असलेले, आणि त्यात भिशीतल्या नऊ जणी बसल्यात. मी हे ऑफिसात लेखी मांडलंय आणि परत मांडणार आहे.

म्हणून ताई, माझी सूचना. स्मरणिकेत सरकारी आकडा एकच द्या आणि तो असा लिहा: '२०२३ मध्ये युरोपीय संघातल्या देशांनी सुमारे ८९,००० ब्लू कार्डं दिली, त्यातली सुमारे २१,००० भारतीय नागरिकांना. यात आधीपासून तिथे असलेलेही आहेत, आणि कुटुंबाच्या परवान्यावर काम करणारे यात नाहीत.' बस. टक्केवारी नको, खानदेशी शंभर नको.

आणि आपला आकडा आपणच काढू. घराला एक फॉर्म: घरात माणसं किती, कोणाच्या कार्डावर काय कारण, पहिल्यांदा कुठल्या कारणाने आलात आणि कोणत्या वर्षी, आता काय काम करता, शिक्षण काय, गाव कुठलं. नावं नकोत, पत्ते नकोत. हा मंडळाच्या सभासदांपुरता आकडा असेल आणि तसं स्पष्ट छापायचं, सगळ्या मराठी माणसांचा म्हणून नाही. चौकोन रविवारी रिकामा ठेवा, मजकूर पुढच्या आठवड्यात देता येईल का छापखान्याला विचारा.

---

प्रेषक: स्मरणिका गट

भाऊ, छापखान्याने बुधवारपर्यंत थांबायला होकार दिलाय. माझं वाक्य काढलं, तुमचं घातलं.

---

प्रेषक: वहिनी, श्टुटगार्ट

फॉर्मची वाट बघत नाही, पहिलं उत्तर माझं घ्या.
घरात माणसं चार. ह्यांचं आता कायमचं, आधी ब्लू कार्ड, आले २०१८. माझं कुटुंब, आले २०१८. मुलगी, जन्म इथला, कुटुंब. सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्यात, सप्टेंबरात परत जातील, त्यांना मोजायचं की नाही ते सांगा. काम करणारे दोन. शिक्षण दोघांचं बी.ई. गावं अमळनेर आणि पारोळा. भिशीतल्या बाकी दहा जणींना शनिवारी बोलावलंय, त्यांचे पण भरून पाठवते.