पाळक होणाऱ्याने प्लेटो कशाला शिकायचा?

बेथेलकर, जालना:
भाचा पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हायला सेमिनरीत थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकतोय. पहिल्याच वर्षी प्लेटो, ॲरिस्टॉटल हे ग्रीक तत्त्वज्ञ. मंडळीतले एक वडील म्हणाले, "पोराला पाळक करायचंय का प्रोफेसर?" माझं मत स्पष्ट आहे, हे शिकायलाच हवं. आपल्याकडे मातीच्या वेळी सर्रास ऐकू येतं, "आत्मा देहाच्या कैदेतून सुटला." ही शिकवण प्लेटोची, त्याच्या 'फायडो' या ग्रंथातली. विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, मात्र आपण 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो. प्लेटो माहीतच नसेल तर कबरीपाशी उभ्या पाळकाला हा फरक कळणार कसा?

गोदाकाठ, पैठण:
पटलं नाही. बायबलातलं कलस्सैकरांस पत्र 2:8 उघडा. तत्त्वज्ञानाच्या पोकळ भुलथापांनी कुणी तुम्हाला ताब्यात घेऊ नये, असं प्रेषित पौल बजावतो. अथेन्सचा यरुशलेमेशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी संबंध काय, हे सुरुवातीच्या काळातल्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तेव्हाच विचारलं होतं. सोयाबीन पाण्यात गेलं, सावकार दारात बसलाय, अशा घरात ॲरिस्टॉटल काय कामाचा?

बेथेलकर:
तोच पौल अथेन्सात एपिकूरी आणि स्तोयिक या ग्रीक पंथांच्या तत्त्वज्ञांशी बोलला, तेही त्यांच्याच कवींचा दाखला देऊन (प्रेषितांची कृत्ये 17). पुनरुत्थानाचं नाव काढताच काहींनी थट्टा केली. का केली, ते ग्रीक विचार समजल्याशिवाय उमगत नाही. आणि सोयाबीन गेलेल्या घरात पहिला प्रश्न कोणता येतो? "देव चांगला आहे, मग हे का?" एपिकूरी पंथाच्या एपिकुरसच्या नावावर चालत आलेला प्रश्न आहे हा. जुन्या काळचा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन या प्रश्नाशी झुंजला तो प्लेटोपंथीयांचे ग्रंथ वाचूनच.

परभणीची ताई:
दादा, तो प्रश्न विचारणारी बाई जनाबाईच्या ओव्या ऐकत मोठी झालीय. जनाबाई आमच्या गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. थॉमस स्टीफन्स या मिशनऱ्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, ते ओवीतच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले. प्लेटोला माझा विरोध नाही. पण त्याला अख्खा पेपर आणि आपल्या संतांना एखादा तास, असं असेल तर पोरगा गावात येऊन लोकांशी बोलणार कसा?

बेथेलकर:
ताई, संतांच्या पेपरसाठी अर्ज मी स्वतः लिहितो. पण प्लेटोला काढून नको. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, ते बायबल साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणण्यासाठीच ना?

गोदाकाठ:
भाषा वेगळी, तत्त्वज्ञान वेगळं. ग्रीक भाषेला माझा पूर्ण होकार आहे. मातीच्या वेळचं तुमचं म्हणणंही खरं आहे, मी स्वतः तसे उपदेश ऐकलेत. पण ते सुधारायला करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय नीट शिकवला तरी पुरे. तो आधी शिकवा.